बर्फात गाडी थांबवतात ते टायर, फोर-बाय-फोर नव्हे

हिवाळा जवळ आला की एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: ‘वर्षातून थोडेच दिवस बर्फात गाडी न्यायची असेल, तर सरळ जड फोर-बाय-फोर एसयूव्ही घ्या. मग वेगळे टायर लागत नाहीत, कंपनीच्या टायरवर एम प्लस एस (M+S) छापलेलं असलं की झालं. फारच भीती वाटली तर इंजिनची ताकद ज्या दोन चाकांना मिळते तेवढ्यांनाच हिवाळी टायर लावा. आणि बर्फ लागला की हवा थोडी कमी करा.’

ज्यांना बर्फाचा सराव नाही तेच लोक हा सल्ला मनावर घेतात, आणि त्यांनाच तो सर्वांत महागात पडू शकतो. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहतो.

‘फोर-बाय-फोर असली की गाडी घसरत नाही.’ चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी जागची हलते, चढ चढते, रुतलेली असेल तर बाहेर येते. हा फायदा खरा आहे. पण ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना फोर-बाय-फोरचा काही उपयोग नाही. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये यासाठी जी पकड लागते, तीही टायर आणि रस्ता यांच्यातलीच. उलट अशी गाडी बर्फावर सहज वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही. कळतं ते पहिला ब्रेक दाबल्यावर.

थोडं गणित करू. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती आहे हे सांगणारा आकडा, ०.८ धरला, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर हा गुणांक ०.२ पर्यंत उतरतो आणि तेच अंतर ४९ मीटर होतं. चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते, ते यात धरलेलंच नाही. आता तोच रस्ता १० टक्के उताराचा असेल तर अंतर जवळपास दुप्पट, म्हणजे ९८ मीटरच्या आसपास. आणि उतारावर काचेसारखा गोठलेला थर असून गुणांक ०.१ वर आला, तर ती गाडी ब्रेकने थांबतच नाही. या हिशेबात किती चाकांना ताकद मिळते हे कुठेच येत नाही. टायरने गुणांक ०.२ वरून ०.३ वर नेला, तर सपाट रस्त्यावरचे ४९ मीटर ३३ वर येतात.

‘जड गाडी रस्ता धरून राहते.’ वजन वाढलं की टायरवरचा दाब वाढतो हे बरोबर, पण थांबवायची गाडीही तेवढीच जड होते. वरच्या गणितात वजन दोन्हीकडून कटून जातं.

‘वेगळे टायर लागत नाहीत.’ सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, कारण हिवाळी टायर फक्त बर्फासाठी असतात असं बहुतेकांना वाटतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि बर्फाचा कणही नसलेल्या थंड, ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, आणि मोठ्या खाचांमध्ये बर्फ भरून राहतो. बर्फ बर्फाला चांगला धरतो, म्हणून तो भरलेला बर्फच कामाला येतो. ही काही नवी चैन नाही: फिनलंडमध्ये १९३४ सालीच ट्रकसाठी खास हिवाळी टायर तयार झाला होता.

‘एम प्लस एस पुरे.’ चिखल आणि बर्फ यांच्या नावाने असलेली ही खूण उत्पादक स्वतःच छापतो, तिच्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. टायरच्या बाजूवर बघायचं ते दुसरं चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ते मिळवायला टायरला बर्फावर ठरावीक संदर्भ टायरशी तुलना होऊन पास व्हावं लागतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यासाठी नुसता एम प्लस एस टायर कायद्याने चालत नाही. मात्र ही चाचणी बर्फावरची आहे, काचेसारख्या गोठलेल्या थरावरची नाही. तिथे वेग कमी ठेवण्याला पर्याय नाही.

‘दोनच टायर बदला.’ हे कृपा करून करू नका. ताकद पुढच्या चाकांना मिळत असेल तर पुढची चाकं रस्ता धरतात आणि मागची सुटतात, म्हणजे ब्रेक दाबताच किंवा उतारावर वळताना गाडीची शेपूट फिरून पुढे येते. नवख्या चालकाला ही गाडी सावरता येत नाही. चारही टायर एकाच प्रकारचे हवेत.

‘हवा कमी करा.’ ही वाळूत रुतलेल्या गाडीची युक्ती आहे. थंडीत हवा आपोआपच कमी होते, दर ५-६ अंशांना सुमारे १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). २० अंशांना भरलेला टायर उणे १० ला पाचेक पीएसआयने उतरतो. गाडी थंड असताना मोजा आणि दाराच्या कडेला लिहिलेल्या आकड्याइतकी भरा.

मग गाडी कोणती घ्यावी? माझं मत स्पष्ट आहे: फ्रंट-व्हील ड्राइव्हची, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद मिळणारी साधी हॅचबॅक किंवा सेडान बहुतेकांना पुरते. तिच्यात इंजिनचं वजन ताकदीच्या चाकांवरच असतं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि ईएससी, म्हणजे गाडी फिरू लागताच एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, या दोन्ही असायलाच हव्यात. मागच्या काचेला तापणाऱ्या तारा हव्यात. मोठ्या रिमच्या रुंद टायरपेक्षा त्या गाडीला चालणारा सर्वांत लहान रिम आणि अरुंद टायर घ्या. तो ताज्या बर्फात खाली उतरतो, रुंद टायर वर तरंगतो. बर्फ न हटवलेल्या, चढाच्या रस्त्यावर नेहमी जायचं असेल तर फोर-बाय-फोर जरूर घ्या, पण टायरनंतर.

थोडेच दिवस बर्फ लागणाऱ्यांसाठी डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले बारमाही टायर हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण ते दर मोसमात बदलावे लागत नाहीत. आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहायचं असेल तर पूर्ण हिवाळी संच घ्या आणि ऊन तापू लागलं की काढा, नाहीतर ते रबर गरम रस्त्यावर लवकर झिजतं आणि ब्रेकचं अंतरही वाढतं. कायदा बऱ्याच ठिकाणी १.६ मिलीमीटर खोल नक्षी चालवून घेतो, पण ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलीमीटर लागतात आणि तोच आकडा धरून चाला. सोबत टायरच्या मापाच्या, बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या ठेवा. त्या ताकदीच्या चाकांना लागतात, फोर-बाय-फोरमध्ये कुठे ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि लावल्यावर वेग ताशी ५० च्या वर न्यायचा नाही. निघण्याआधी एकदा कोरड्या जागी त्या चढवून-उतरवून बघा.