एका मिनिटात पंधरा मिनिटं

ज्या सभेला मी गैरहजर होतो, त्याच सभेत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी एकमताने निवडून आलो. तेव्हापासून एक इंग्रजी शब्द हात धुऊन माझ्या मागे लागलाय. मिनिट.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत उरकावी लागते आणि पहिला विषय ठरलेलाच: मागील सभेचे मिनिट्स वाचून कायम करणे. पार्किंगवरून दीड तास झालेली रणधुमाळी मी 'सविस्तर चर्चा झाली' एवढ्यावर भागवतो. मग ज्यांचा आवाज सर्वांत मोठा होता, त्यांची तक्रार येते की आपलं नाव कुठेच नाही. आणि जे तिथे डुलक्या काढत होते, त्यांना आपण विरोध नोंदवल्याचं पक्कं आठवत असतं.

यंदा त्यात स्ट्रक्चरल ऑडिटची भर पडली. बिल्डिंगने तिशी ओलांडली, त्यामुळे सुटका नव्हती. इंजिनिअरचा रिपोर्ट इंग्रजीत. तो वाचायला दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे माइक त्यांच्याकडे आपोआप जातो.

"जिन्याच्या स्लॅबला मिनिट क्रॅक्स आढळले," काकांनी ठणकावून वाचलं.

"अगंबाई! म्हणजे मिनिटाला एक?" खजिनदार काकूंनी खुर्ची जिन्यापासून लांब ओढली.

"काका, ते माय-न्यूट आहे," मी म्हणालो. "म्हणजे अगदी बारीक."

"स्पेलिंग तेच ना?"

"तेच."

"मग मी वाचलं ते चुकीचं कसं?"

वादात काकांची बाजू भक्कम होती. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिनमधलं 'मिनुटा', म्हणजे बारीक केलेलं. तासाचे साठ तुकडे केले तो पहिला बारीक भाग, 'पार्स मिनुटा प्रिमा', त्याचं झालं मिनिट. त्याचे पुन्हा साठ केले तो दुसरा बारीक भाग, 'सेकुंडा', त्याचा झाला सेकंद. बिचारा आजतागायत नुसत्या नंबरावर ओळखला जातो. पुढे इंग्रजांनी नामात जोर पहिल्या अक्षरावर दिला, विशेषणात दुसऱ्या अक्षरावर नेला आणि स्पेलिंगला मात्र हात लावला नाही. तेवढं काम त्यांनी आमच्या सभेवर सोडलं असावं.

आपल्याकडे हा घोळ नव्हता. वेळेसाठी घटका आणि पळं, कोनासाठी कला आणि विकला. इंग्रजीत अंशाचा साठावा भागही मिनिटच. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरते, तो ८२ अंश ३० मिनिटांवर आहे. ती ३० मिनिटं म्हणजे घड्याळातला अर्धा तास नव्हे. त्याहून गंमत म्हणजे पृथ्वी एका मिनिटात पंधरा मिनिटांनी वळते. भूगोलाच्या पुस्तकात हे वाचून लोक गोंधळतात म्हणे. मला नाही गोंधळायला झालं. आमचा प्लंबर "एका मिनिटात आलो" म्हणतो, तेव्हा तो याच हिशेबाने चालत असतो, हे तेव्हा उमगलं.

ही भाषा मुळात आपल्या मानगुटीवर बसली तीही मिनिटामुळेच. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेसाहेबांनी इंग्रजी शिक्षणाची तरफदारी करणारं जे सरकारी टिपण लिहिलं, त्याचं नाव 'मिनिट'. ते वाचायला मिनिटभर पुरत नाही आणि ते माय-न्यूट तर मुळीच नाही.

असो. मिनिट क्रॅक्सवर सविस्तर चर्चा झाली, हे मला मिनिट्समध्ये लिहायचं होतं. इंग्रजीत ते वाक्य वाचताना माझीच जीभ अडखळली, तेव्हा मी यापुढे इतिवृत्त मराठीत ठेवण्याचा ठराव मांडला. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मी लगेच वहीत लिहिलं, 'जिन्याच्या स्लॅबला सूक्ष्म तडे आढळले, सबब प्रत्येक सभासदाने दुरुस्ती निधी भरावा,' आणि वाचून दाखवलं.

काका पुन्हा उठले. आयत्या वेळचा विषय म्हणाले. "तडे सूक्ष्म आहेत ना? मग वर्गणीही सूक्ष्मच घ्या."

सूचक दुसरा मजला, अनुमोदक उरलेली सगळी बिल्डिंग.