व्हेंडरला लाल कसे करावे

मोठ्या कंपनीच्या पर्चेसमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात, नुकतेच रुजू झालात? अभिनंदन! आता चाकणच्या एसीत बसून भोसरीच्या शेडमधल्या व्हेंडरला, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या माणसाला, दरमहा गुण द्यायचे. हिरवा, पिवळा, लाल; लाल म्हणजे नापास. (मी दोन्ही बाजूंना बसलोय. खुर्ची इकडचीच बरी.)

पहिले अस्त्र पीपीएम, म्हणजे दहा लाखांत बाद नग किती. वीस हजारांत एक बाद झाला तर पीपीएम 50. दोनशेत एक बाद झाला तर थेट 5000! तेव्हा ज्याने दर वाढवून मागितलाय, त्याचे शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, दोनशेवर आणा. बाकीचे गणित एक्सेल बघते.

डिलिव्हरीचे घड्याळ मात्र नीट निवडा. त्याचा टेम्पो सकाळी नऊला गेटवर उभा असेल, तिकडे बघू नका. माल आला असे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्यावरच म्हणायचे, आणि जीआरएन इनवर्डवाल्याच्या जेवणानंतर होते. शेड्यूल बदलायचेच तर बुधवारी रात्री बदला. गुरुवारी भोसरीत सुट्टी, हे तुम्हाला कुठे माहीत असते?

रिजेक्शन निघाले की एट-डी रिपोर्ट, म्हणजे चुकीचे मूळ आणि उपाय सांगणारा अहवाल, मागवा. त्यात पाच वेळा ‘का?’ विचारतात. चौथ्या ‘का’ला ‘ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन तुम्हीच पाठवली होती’ असे उत्तर येऊ लागले, तर तिसऱ्यावरच थांबा. उपाय ठरलेला आहे: ‘ऑपरेटरला समज दिली.’ तो ऑपरेटर गेल्याच महिन्यात सोडून गेला असला तरी चालते. डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) त्याच दिवशी काढा, तिला जीआरएन लागत नाही.

रेटिंगच्या शीटमध्ये पेमेंटचा रकाना शोधताय? नाही तो. 2006 चा लघुउद्योगांचा (एमएसएमई) कायदा म्हणतो, सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. एप्रिल 2024 पासून तर मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट आयकरातही त्या वर्षी मिळत नाही. म्हणून मार्चअखेर अकाउंट्सवाले जरा घाबरतात, तुम्ही घाबरू नका. व्याज मागायला तो येईलच कशाला? पुढच्या महिन्याचे रेटिंगही तुम्हीच भरणार आहात.

वर्षाअखेरीस व्हेंडर मीट ठेवा. पहिल्याला ट्रॉफी द्या आणि ट्रॉफीखालीच दर पाच टक्के उतरवण्याचे पत्र धरा. फोटोत पत्र दिसू देऊ नका.