वाफा एकवीसचा, गुण दीड

आमच्या शिक्षककक्षात मराठीच्या बाईंचं दर मार्चमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमचं बरंय हो, गणितात एक तर बरोबर नाही तर चूक. आम्ही मात्र निबंधाला चार द्यायचे की पाच, यात संध्याकाळ करतो." एवढं बोलून त्या डबा उघडतात. मी वाद घालत नाही, कारण त्यांच्या डब्यात बहुतेक वेळा थालीपीठ असतं. पण माझ्या पुढ्यात जो पेपर उघडा पडलेला असतो त्यात उत्तर चूक, रीत बरोबर, मधली एक पायरी बेपत्ता, एकक लिहिलेलं नाही आणि खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'सॉरी मॅडम' असं सगळं एकाच प्रश्नात असतं. बोला, किती द्यायचे?

दहावीचं गणित म्हणजे बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेच्या हातातले अंतर्गत २०. बाहेरच्या माणसाला वाटतं, चाळीस गुणांचा पेपर, चाळीस निर्णय, तासाभरात पाचपंचवीस हातावेगळे होतील. आम्ही गुण मोजत नाही, अर्धे मोजतो. एकेका गुणाचे आठ प्रश्न बाजूला ठेवले तरी उरलेल्या बत्तिसाचे चौसष्ट अर्धे होतात, आणि त्यातला प्रत्येक अर्धा स्वतःचं वकीलपत्र घेऊन उभा असतो.

हे वकील गप्प बसावेत म्हणून बोर्डाची मोठी व्यवस्था आहे. मुख्य नियामक, त्यांच्याखाली नियामक, त्यांच्याखाली आम्ही परीक्षक. नमुना उत्तरं असतात, कुठल्या पायरीला किती हे ठरलेलं असतं, आणि आम्ही तपासलेल्यांतले थोडे पेपर नियामक पुन्हा तपासतात. आमचा हात सैल आहे की घट्ट ते तिथे कळतं. शिवाय पर्यायी रीत योग्य असेल तर पूर्ण गुण द्यायचे असतात. हे वाक्य कागदावर फार उदार दिसतं. दुपारी चार वाजता, पंख्याखाली पेपर फडफडत असताना, क्लासमध्ये शिकवलेली, आपण जन्मात न पाहिलेली एक रीत समोर आली, की ती योग्य आहे की नुसतीच दिमाखदार, हे ठरवण्यासाठी परीक्षकालाच पुन्हा दहावीला बसावं लागतं.

गुण कसे द्यायचे यावर बैठक होते. तिथे प्रमेयांवर कुणी भांडत नाही, भांडण एककावरून होतं. वृत्तचितीचं, म्हणजे नळकांड्याचं, घनफळ काढलं, उत्तर ३०८ आलं, पुढे घसेमी (घन सेंटिमीटर) लिहिलंच नाही. एक ज्येष्ठ सर खुर्चीतून अर्धे उठले. "एकक नाही म्हणजे उत्तर नाही! भांड्यात पाणी किती मावतं विचारलं, तर पोरगं सांगतंय तीनशे आठ. तीनशे आठ काय? तांबे?" समोरच्या बाजूचे सर मवाळ पंथाचे. ते म्हणाले, "सर, सूत्र बरोबर, किंमत बरोबर, त्रिज्या साडेतीन घेऊन बावीस सप्तमांश न चुकता गुणलंय पोरानं. तांबे तर तांबे, घ्या की पदरात." मग एककासाठी अर्धा कापायचा का, कापायचा तर प्रत्येक प्रश्नात की पेपरभरात एकदाच, यावर दोन चहा झाले. शेवटी एकदाच कापायचं ठरलं. ज्येष्ठ सर बसले, पण समाधानी दिसले नाहीत. गंमत म्हणजे मला दोघांचंही पटलं होतं. मुलांचं हित या ठरावात होतं असंही नाही. ठराव महत्त्वाचा एवढ्याचसाठी, की आता सांगलीचं पोरगं आणि साताऱ्याचं पोरगं, दोघांचेही तांबे सारख्याच दरानं कापले जाणार होते.

कारण ठरवलंच नाही तर काय होतं, हे अमेरिकेत एकदा मोजून झालंय. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या दोघांनी १९१२ मध्ये इंग्रजीचे पेपर वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे पाठवले. गुणांत जमीनअस्मानाचा फरक आला. लोक म्हणाले, भाषेत होणारच तसं, आवडीनिवडीचा मामला. (आमच्या मराठीच्या बाई तेव्हाही असणारच कुठेतरी.) मग १९१३ मध्ये त्यांनी तोच प्रयोग भूमितीवर केला. एका मुलाची एकच उत्तरपत्रिका, तपासणारे शंभराहून जास्त शिक्षक. गुण आले शंभरपैकी २८ पासून थेट नव्वदीच्या घरात. तेच पोरगं त्याच पेपरात एकीकडे नापास झालं आणि दुसरीकडे त्याचे पेढे वाटले गेले. हे वाचल्यावर मी त्या पानाची झेरॉक्स काढून शिक्षककक्षाच्या फळ्यावर लावली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर सहलीच्या वर्गणीची नोटीस लागली.

भूमितीतच हे व्हावं याचं मला नवल वाटत नाही. सिद्धतेचा पेपर ज्यानं तपासला आहे त्यालाच कळेल. पक्ष, साध्य, आकृती एवढं नीट लिहिलं की थोडे गुण खात्रीचे, हे आम्हीच मुलांना वर्षभर सांगतो. "काही येत नसेल तरी आकृती काढा रे, कोरं सोडू नका." मुलं आज्ञाधारक. सुंदर आकृती, टोकदार पेन्सिल, पक्ष लिहिलेला, साध्य लिहिलेलं, त्याखाली 'सिद्धता' असं अधोरेखित शीर्षक. मग तीन ओळी, तिन्हींच्या आधी 'म्हणून'ची ती तीन ठिपक्यांची खूण, तिन्हींच्या पुढे कंसात 'कोको कसोटी' (दोन कोन सारखे म्हणून त्रिकोण समरूप), आणि लगेच साध्य जे होतं ते सिद्ध. सुरुवात आहे, शेवट आहे, मधला अख्खा डोंगर कोको कसोटीनं ओलांडलेला. बरं, हा बहाद्दर पूर्ण चुकलेला असतो असंही नाही. त्या तीनपैकी एका ओळीला कोको कसोटी खरोखरच लागू असते. आता हे त्यानं जाणून लिहिलं की सरधोपटपणे सगळीकडे मारताना एक दगड फळाला लागला? मनातलं तपासायची सोय नाही. कागदावर आहे ना, मग अर्धा द्या.

'कृती पूर्ण करा' या प्रश्नात तर चौकटीच दिलेल्या असतात, पोरांनी फक्त भरायच्या. ते आले तेव्हा मी म्हटलं, चला, हे तरी निर्विवाद झालं. पहिल्याच गठ्ठ्यात एक पेपर निघाला, त्यात सगळी उत्तरं बरोबर, पण प्रत्येक उत्तर एक चौकट पुढे सरकलेलं, सदऱ्याचं पहिलं बटण दुसऱ्या काजात जावं तसं. शेवटच्या उत्तराला चौकटच उरली नव्हती, ते समासात लिहिलेलं होतं, बाण काढून.

बोर्डाचे गठ्ठे गोपनीय असतात, तेव्हा त्याबद्दल इतकंच. पूर्वपरीक्षेचे पेपर मात्र घरी येतात आणि जेवणाच्या टेबलावर पसरतात. तिथे माझे स्वतःचे नियम आहेत. नावाचा कोपरा दुमडून ठेवायचा, कारण वर्गात पुढच्या बाकावर बसून मान डोलावणाऱ्या मुलीच्या पेपरात चूक दिसली की आपणच म्हणतो, 'घाईत झालं असेल बिचारीचं', आणि मागच्या बाकावरच्याची तीच चूक म्हणजे 'अभ्यास नको करायला!' दुसरा नियम, पेपर सलग तपासायचा नाही. आधी सगळ्यांचा दुसरा प्रश्न, मग सगळ्यांचा तिसरा. नाहीतर एका हुशार मुलीच्या पाठोपाठ येणारा जो कुणी असेल तो उगाचच मठ्ठ दिसतो, त्याचा काहीही दोष नसताना. हे नियम ऐकायला शास्त्रशुद्ध आहेत. त्यांत सासूबाईंची तरतूद नाही. त्या येताजाता एखादा पेपर उचलतात. "अगं, अक्षर बघ काय देखणं आहे. ह्याला फक्त अकरा?" मी म्हणते, आई, गणित चुकलंय. "चुकू दे गं. किती टापटीप चुकलंय." मी हसते खरी, पण पुढचा गिचमिड पेपर हातात आल्यावर कपाळाला आठी पडतेच आणि आठी पडली की लाल पेन आपोआप जरा जोरात चालतं. सासूबाई निदान मोठ्यानं तरी बोलतात.

खरी कसोटी असते पेपर वर्गात दाखवायच्या दिवशी. त्या दिवशी जी मुलं वर्षभर एक शब्द बोलली नाहीत ती मराठे-निजाम तहासारखी कलमं घेऊन येतात. "मॅडम, इथे अर्धा राहिलाय." "मॅडम, हे तिलाही असंच आहे, तिला दिलाय." यातलं दुसरं कलम भयंकर. पहिल्याला नमुना उत्तर दाखवून वाटेला लावता येतं. दुसऱ्याला दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघावंच लागतं.

यंदा हे कलम घेऊन एक वडील आले. प्रश्न साधा होता. आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ४ मीटरनं जास्त, क्षेत्रफळ २१ चौरस मीटर, तर लांबी-रुंदी काढा. गुण ४. रुंदी एक्स मानू, याला अर्धा. समीकरणाला एक. अवयव पाडले, एक. दोन किमती आल्या, तीन आणि उणे सात, अर्धा. रुंदी ऋण नसते म्हणून उणे सात सोडली, अर्धा. शेवटचं उत्तर, अर्धा. यातला मला सर्वांत प्रिय अर्धा म्हणजे 'रुंदी ऋण नसते'. जगातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगायची गरज पडलेली नाही, पण आमच्याकडे लिहिलं नाही तर कापतात.

पोरानं लिहिलं होतं, 'लांबी ७, रुंदी ३. कारण ७ गुणिले ३ बरोबर २१ आणि ७ वजा ३ बरोबर ४.' बस्स. मी उत्तराचा अर्धा दिला आणि दोन्ही अटी पडताळल्या म्हणून वर एक. दीड.

शेजारी राहणाऱ्या पोरानं २१ चे उतरवताना १२ केले. पुढे सगळं व्यवस्थित. एक्स मानला, अवयव पाडले, दोन आणि उणे सहा आले, रुंदी ऋण नसते म्हणून उणे सहा हाकलले, लांबी ६, रुंदी २. समीकरणाचा अर्धा आणि उत्तराचा अर्धा कापून तीन.

वडील दोन्ही पेपर हातात घेऊन उभे. "मॅडम, माझ्या पोराचं उत्तर बरोबर हाय का न्हाई?"

"बरोबर आहे."

"ह्याचं?"

"चूक आहे."

"चुकीला तीन आन् बरोबरला दीड?"

मी समजावलं. उत्तरापेक्षा विचार कसा केला ते आम्ही तपासतो, विचार कागदावर दिसला तरच गुण देता येतात, त्याच्या डोक्यात काय झालं ते मला कसं कळणार, वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे वाफा एकवीसचा असताना बारा मोजून गेलेला गडी चांगला, कारण त्यानं मोजताना मोठ्यानं सांगितलं."

मला काही क्षण उत्तर सुचेना. मग मी पोरालाच पुढे बोलावलं. म्हटलं, "हे बघ, आकडे सोपे होते म्हणून तुला तोंडी जमलं. आता क्षेत्रफळ वीस घे. लांबी तशीच चारनं जास्त. सांग रुंदी." हे मी मुद्दाम घेतलं होतं. याचे अवयव पडत नाहीत, सूत्रच वापरावं लागतं, वर्गमूळ येतं. आता कळेल याला रीत कशाला लागते.

पोरानं खिडकीबाहेर बघितलं. "तीनाला जरा कमी, मॅडम."

उत्तर येतं दोन पूर्णांक नऊच्या जवळपास.

"जरा म्हणजे किती?"

"दोरी धरायला लागंल."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी नमुना उत्तराच्या कागदाकडे बघितलं. त्यात दोरीला गुण नव्हते. पर्यायी रीत योग्य असेल तर पूर्ण गुण, हे खरं, पण 'दोरी धरली असता' अशी पायरी मी दिली असती तर त्या बैठकीतल्या ज्येष्ठ सरांनी माझ्या नावानं तांब्या फोडला असता. मी दीडचे दीडच ठेवले आणि पोराला सांगितलं, बोर्डात तुला ओळखणारं कुणी नसेल. तुझ्या डोक्यातली दोरी त्यांना दिसणार नाही. सगळं लिहायचं, अगदी बावळटासारखं लिहायचं.

"रुंदी ऋण नसते, हे पण?"

"ते पण."

"आन् आधी एक्स मानायचा?"

"अर्धा गुण आहे त्याला."

त्यानं वडिलांकडे बघितलं. वडील पेपर परत माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "मान की मग. आपल्याला काय पैसं पडत्यात?"