साठीनंतर व्यायाम सोडा म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साठीनंतर रक्तवाहिन्या लोखंडी नळासारख्या ताठ होतात, त्यामुळे व्यायाम केला तरी स्नायूंना जादा रक्त मिळत नाही, नुसता बीपी चढतो. बायकांना तर व्यायामाची गरजच नाही, त्यांचे हार्मोन रक्तवाहिन्या सांभाळतात. वजन उचलणं म्हणजे झटक्याला आमंत्रण. आणि चालताना पोटऱ्या दुखल्या तर चालणं बंद करा.

प्रत्येक वाक्यात कणभर सत्य आहे, म्हणून ते पटतं. निष्कर्ष मात्र चारही चुकीचे आहेत, आणि त्यांचा सर्वांत जास्त फटका बायकांना बसतो.

आधी ताठ नळांचं बघू. वयानुसार मोठ्या धमन्या ताठरतात, हे खरं. पण स्नायूला किती रक्त मिळायचं ते मुख्यतः ठरतं स्नायूतल्या बारीक धमन्यांत. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त बाहेर टाकतं आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. धडधाकट तरुणाने जीव तोडून व्यायाम केला की हाच वाटा ८० टक्क्यांच्या आसपास जातो. राबणारा स्नायू स्वतःच अशी रसायनं सोडतो की आसपासच्या रक्तवाहिन्या सैलावतात. त्यांच्या आतल्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइडही तेच करतो. (हा वायू रक्तवाहिन्यांत असा निरोप पोचवतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.) त्याच वेळी सिम्पथेटिक नसा (श्रमाच्या वेळी आपोआप जाग्या होणारे मज्जातंतू) शरीरभर ‘आकुंचन पावा’ असा हुकूम सोडत असतात. राबणारा स्नायू तो हुकूम आपल्यापुरता झुगारतो.

वय वाढलं की अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी मिळतो आणि हुकूम झुगारण्याची ही ताकदही घटते. म्हणून तेवढ्याच कामाला म्हाताऱ्या मांडीत रक्त कमी पोचू शकतं. हातांत हा फरक बराच कमी दिसतो. पण कमी पोचतं म्हणजे पोचतच नाही असं नव्हे. शिवाय ही घसरण काही अंशी मागे फिरते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बैठं आयुष्य जगणारे मध्यमवयीन आणि वयस्कर पुरुष तीन महिने नियमित चालले, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता स्पष्ट सुधारली.

आता बायकांचं. इथे मजकूर सर्वांत घातक आहे. १९९४ च्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या दंडातली धमनी तपासली. पुरुषांत तिची रुंदावण्याची क्षमता चाळिशीनंतर घटू लागली, बायकांत पन्नाशी ओलांडताना. इथवर हार्मोनवाल्यांचं बरोबर. पण त्यानंतर बायकांतली घसरण पुरुषांच्या दुपटीहून अधिक वेगाने झाली. तरुण स्त्रीच्या रक्तवाहिन्या सिम्पथेटिक नसांच्या ‘आकुंचन पावा’ या हुकमालाही बऱ्यापैकी तोंड देतात. पाळी गेल्यावर ते कवच उरत नाही आणि व्यायामात बीपी जास्त चढू लागतो. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षीच जाते. म्हणजे साठीच्या बाईला ‘तुला हार्मोन सांभाळतात’ असं सांगताना ते सांभाळणं संपून सरासरी तेरा-चौदा वर्षं झालेली असतात.

एक अडचणीची गोष्ट लपवणार नाही. २०११ च्या एका अभ्यासात आठ आठवडे चालल्यावर पुरुषांची धमनी सुधारली, पाळी गेलेल्या बायकांची सुधारली नाही. पुढच्या प्रयोगात व्यायामाच्या जोडीला इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर घटणारं स्त्री-हार्मोन) दिल्यावर बायकांतही सुधारणा दिसली. याचा अर्थ ‘बायकांनी चालू नये’ असा काढणं चूक आहे. तिथे मोजली गेली ती दंडातल्या एका धमनीची एक चाचणी. बीपी, साखर, हाडं, तोल, दमसास यांना व्यायामाचा होणारा फायदा त्यात आलाच नाही. मी यातून एवढंच घेते: बायकांनी पाळी जायची वाट न बघता, चाळिशीतच सुरुवात करावी. आणि केवळ यासाठी हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नयेत. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (दुसरं एक हार्मोन) एकत्र देणारी मोठी अमेरिकन चाचणी २००२ साली थांबवावी लागली, कारण स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या.

वजनांबद्दल फार लिहायला नको. दम कोंडून अतिजड वजन ढकललं तर त्या क्षणी बीपी भयंकर चढतो, हे खरं. पण झेपेल तेवढं वजन, उचलताना श्वास सोडत, ही निराळी गोष्ट. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहण्यासारख्या व्यायामांनी नेहमीचा बीपी उतरतो. २०२३ मध्ये निरनिराळ्या व्यायामांच्या २७० चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा अशा व्यायामांनी बीपीचा वरचा आकडा सरासरी आठने उतरलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनाही ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम सांगते. बीपी आधीच हाताबाहेर असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

राहिल्या पोटऱ्या. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की मिनिटांत मोकळी होते, असं होत असेल तर पायाच्या धमनीत अडथळा असू शकतो. तो तपासून घ्यायलाच हवा. बायकांत हे दुखणं अनेकदा नेहमीच्या पद्धतीने जाणवत नाही, ‘गुडघे धरलेत’ म्हणून सोडून दिलं जातं, त्यामुळे त्यांनी जास्त सावध राहावं. आणि निदान झाल्यावर पहिल्या उपचारांपैकी एक कोणता? देखरेखीखाली चालणं: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने.