‘मुघल-ए-आझम’च्या रंगांविषयी खुलासा

‘मुघल-ए-आझम’ १९६० मध्ये संपूर्ण कृष्णधवल होता आणि त्यात आज दिसणारा प्रत्येक रंग संगणकाने भरलेला आहे, असा मजकूर सोलापुरातील काही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. हे विधान अर्धसत्य आहे. के. आसिफ दिग्दर्शित हा चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा बहुतांश भाग कृष्णधवल असला, तरी शीशमहालातील नृत्यगीत आणि शेवटाकडील काही भाग मुळातच रंगीत चित्रित केलेला होता. उर्वरित भागात रंग भरलेली आवृत्ती १२ नोव्हेंबर २००४ रोजी पडद्यावर आली.

हा भेद क्षुल्लक नाही. छायालेखक आर. डी. माथूर यांनी छायाप्रकाशातून उभ्या केलेल्या दरबारातून प्रेक्षक एकाएकी रंगीत महालात येतो, अनारकली साक्षात अकबरासमोर प्रेमाची निर्भय कबुली देते आणि छतावरील असंख्य आरशांत तिचेच प्रतिबिंब उमटते, तेव्हा त्या रंगामुळेच तिच्या बंडाला धार चढते. माझ्या मते या भव्यपटाचे खरे आकर्षण या बदलात आहे, आणि सलग रंगीत आवृत्तीत नेमके तेच हरवते. आपल्या शहरातील ज्या ज्येष्ठांना जुन्या प्रतीतील तो रंगीत शीशमहाल आठवतो, त्यांची स्मृती अगदी बरोबर आहे. त्यांना कोणी खोटे पाडू नये.