विहिरीत विष ओतायचंय ना, मग आधी मला सांगा!

बास झालं आता, डोकं फिरलंय माझं. आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर दर दोन-तीन सेशननी तेच. आधीच स्पष्ट सांगते, प्लेअरनी दुष्टपणा करायला माझी अजिबात ना नाही. खंडणी घ्या, राजाला गादीवरून खाली खेचा, उमरावाचा वारस पळवा, करा ना, मला असले डाव मनापासून आवडतात, नुसते गॉब्लिन मोजायला मी डीएम, म्हणजे खेळातलं जग चालवणारी, झालेले नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हे लोक डाव रचतात तो माझ्यापासून लपवून. माझ्यापासून! ते अख्खं गाव ज्या बाईच्या डोक्यात आहे, विहीर किती खोल आणि पहारेकरी किती हे जी ठरवणार, तिच्यापासूनच लपवायचं आणि ऐनवेळी समोर आणून आपटायचं.

गेल्या सेशनचं सांगते. पहिली वीस मिनिटं नुसते सुटे सुटे प्रश्न. विहीर कुठेय? चौकात. रात्री तिथे कोण असतं? एक पहारेकरी. विहिरीवर झाकण आहे का? गावात विष विकणारा कोणी आहे का? मी विचारतेय, अरे नेमकं करायचंय काय तुम्हाला, तर बार्ड, म्हणजे गाणारा जादूगार, खेळणारा म्हणतो 'काही नाही, असंच', आणि शेजारच्या फायटरवाल्याकडे बघून हसतो. दोघांच्या फोनवर मेसेज चाललेत, ते मला दिसतंय. वीस मिनिटं मी आंधळ्यासारखी उत्तरं देतेय, आणि दिलेलं प्रत्येक उत्तर नंतर माझ्याच विरोधात वापरलं जाणार आहे. 'तूच म्हणालीस ना की एकच पहारेकरी आहे?' हो म्हणाले बाबा, कारण मला वाटलं तुम्ही सहज विचारताय! गावाचं पाणी धोक्यात आहे हे माहीत असतं तर मीच थांबून विचार केला असता की एवढ्या मोठ्या गावात विहिरीवर रात्री खरंच एकच माणूस असेल का.

मग बार्डने विषवाल्यावर चार्म पर्सन, म्हणजे समोरच्याला भुलवणारा स्पेल, टाकला, चार बाटल्या फुकटात उचलल्या. फायटरने पहारेकऱ्याचा गळा चिरला आणि प्रेत गवताच्या गंजीत कोंबलं. चारही बाटल्या विहिरीत. आणि मग टेबलावर मला हिशोब ऐकवला, की साध्या गावकऱ्याला ४ हिट पॉइंट (म्हणजे जीव तेवढाच), विषाचं डॅमेज १डी४, म्हणजे चार बाजूंच्या फाशावर पडेल तेवढं, म्हणजे चारातला एक मेलाच, आणि आळ उमरावावर घालायचा. हिशोब पाठ करून आले होते. पण नियम अर्धाच वाचला होता! पाचव्या आवृत्तीतलं, २०१४च्या पुस्तकातलं साधं विष, १०० सोन्याच्या नाण्यांची बाटली, ते हत्याराच्या पात्याला लावायचं असतं, एका मिनिटात वाळतं, आणि त्यावर डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्हही असतो, म्हणजे फासा टाकून वाचायची संधी. अख्ख्या विहिरीच्या पाण्यात ओतून गाव मारायचं ते विषच नाही. हेच मला आदल्या दिवशी एका ओळीत विचारलं असतं तर मी स्वतः दुसरा रस्ता काढून दिला असता. एखादा किमयागार शोधा, तो तीन दुर्मीळ गोष्टी मागेल, त्या गोळा करता करता दोन सेशन रंगली असती, पकडले जायची भीती असती, कोणीतरी माघार घेतली असती. तो डाव झाला असता. पण नाही, मला गाफील पकडण्यातच सगळी मजा. आणि आता टेबलावर मी नियम सांगितला की मी वाईट, 'आमचा एवढा प्लॅन तू एका वाक्यात मारलास'. प्लॅन मला सांगितलाच नाहीत तर तो मी टेबलावरच तपासणार ना, कुठे तपासू?

तरी मी नाही म्हटलं नाही, हे लिहून ठेवा. म्हटलं ठीक आहे, मरणार कोणी नाही पण लोक आजारी पडतील, गावात घबराट होईल, पुढे बघू.

खरा तमाशा इथून सुरू झाला. कारण जग उत्तर देतं. चार्म पर्सन एक तास टिकतो आणि संपला की समोरच्याला कळतं की आपल्यावर कोणी जादू केली, हे त्या स्पेलमध्येच लिहिलंय, मी घरी बसून रचलेलं नाही. म्हणजे विषवाला तासाभरात शुद्धीवर, चार बाटल्या गायब, आणि बार्डचा चेहरा आठवतोय. सकाळी गंजीत प्रेत सापडलं. गावात देऊळ आहे, देवळात मुख्य पुजारी आहे, हे मी तिसऱ्या सेशनपासून सांगतेय, यांच्याच पात्रांनी त्याच्याकडून जखमा बऱ्या करून घेतल्यात. त्याने स्पीक विथ डेड टाकला, प्रेताला बोलतं करणारा स्पेल. पाच प्रश्न विचारता येतात. पहिलाच प्रश्न, तुला कोणी मारलं. प्रेताला तोंड शाबूत लागतं, आणि यांनी गळा चिरला पण तोंड तसंच सोडलं. मग झोन ऑफ ट्रूथ, खोटं बोलू न देणारा स्पेल. फायटरचा सेव्ह फेल. बार्डचा पास झाला, पण सेव्ह पास झाला हे स्पेल टाकणाऱ्याला कळतं, त्यामुळे पुजारी सरळ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

आणि टेबलावर काय ऐकायला मिळालं? 'तू आमच्यावर सूड उगवतेयस.' 'तुला आमचा प्लॅन आवडला नाही म्हणून पुजारी काढलास.' अरे कुठून काढला, तो होताच की! मुडद्याशी बोलता येतं त्या जगात खून करताय, तर निदान मुडद्याचा विचार करा. थोडं डोकं लावलं असतं तर फायटरने चेहरा झाकला असता, बार्डने डिस्गाइझ सेल्फ वापरून दुसऱ्याच्या रूपात विषवाल्याला गाठलं असतं, पहिल्या लेव्हलचा स्पेल आहे, त्याच्या यादीत आहे. झोन ऑफ ट्रूथमध्ये खोटं बोलता येत नाही पण उत्तर टाळता येतं, तेही नियमात आहे. मी मनातल्या मनात वाट बघत होते की कोणीतरी काहीतरी शक्कल लढवेल. नाही. फायटरवाला हाताची घडी घालून बसला आणि म्हणाला, माझ्या पात्राच्या शीटवर केऑटिक ईव्हिल, म्हणजे बेबंद दुष्ट, लिहिलंय, माझं पात्र असंच वागणार.

हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो, खरंच. १९७४ मध्ये हा खेळ आला तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, तीनच होत्या, नऊ चौकटी पुढे आल्या, पण पन्नास वर्षांत कुठल्याही आवृत्तीत असं लिहिलेलं नाही की शीटवर ईव्हिल असलं की गावातल्या बाकीच्यांनी आंधळं बहिरं व्हायचं. पात्र तू निवडलंस. त्याने काय करायचं हेही तूच निवडतोस. मग पुढे जे होईल ते घे ना अंगावर.

आणि या सगळ्या धिंगाण्यात जे माझ्या सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच आहे. आमच्यात क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारं पात्र, खेळणारा एक मुलगा आहे, पहिल्यांदाच खेळतोय, तीन महिने झाले. त्याच्या पात्राची गावातल्या लोहाराच्या मुलीशी मैत्री आहे, आणि त्याने त्या सेशनसाठी घरून एक पत्र लिहून आणलं होतं, त्याच्या क्लेरिकने तिला लिहिलेलं, चांगल्या कागदावर, हाताने, कडा जरा तपकिरी करून जुन्यासारखं दिसेल असं. ते त्याच्या शीटखाली ठेवलं होतं, मला कोपरा दिसत होता. तीन तासांचं सेशन, त्यातला दीड तास विहीर, बाटल्या, प्रेत आणि भांडण. त्याच्या क्लेरिकला कोणी काही विचारलं नाही, तो त्याच गावात झोपलेला होता. आम्ही एक्स कार्ड टेबलाच्या मधोमध ठेवतो, कोणाला काही सहन होत नसेल तर हात लावायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. बार्डवाला मोठमोठ्याने सांगत होता की लहान पोरं आधी पाणी पितील, कमी हिट पॉइंट, आणि मला दिसलं, या मुलाचा हात कार्डाकडे गेला आणि परत मागे आला. कारण बाकीचे तिघं हसत होते.

तेव्हाच मी सेशन थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं, मी नियमांचं भांडण जिंकत बसले होते, याचा मला आजही राग आहे. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की लहान मुलांना इजा टेबलावर येणार नाही. बार्डवाल्याने तेव्हा मान डोलावली होती.

आता सांगून टाकलंय. ग्रुपवर लिहिलं, पुढच्या सेशनच्या आधी ज्याला काही कारस्थान करायचंय त्याने मला तीन ओळी पाठवायच्या, काय करायचंय, कोणाविरुद्ध, आणि का. जे पाठवलं नाही ते टेबलावर घडणार नाही. एकमेकांपासून लपवा, एनपीसींपासून, म्हणजे मी चालवते त्या पात्रांपासून, लपवा, माझ्यापासून नाही, मी तुमच्याविरुद्ध खेळत नाहीये. फायटर कैदेत आहे, त्याची सुटका करायची तर तेही मला आधी सांगून करा. आणि लहान पोरांवर एक शब्द आला तर मी तिथेच पुस्तक मिटणार, कार्डाला कोणी हात लावायची वाट बघणार नाही.

बार्डवाल्याने वाचून काही लिहिलं नाही. फायटरवाल्याने लिहिलं 'मग सरप्राइझ काय राहिलं'. क्लेरिकवाल्या मुलाने मला वेगळा मेसेज केला, लोहाराची मुलगी ठीक आहे का, तिने ते पाणी प्यायलं होतं का. मी लिहिलं, नाही प्यायली, आणि पुढच्या सेशनची सुरुवात तिच्या दारात होणार आहे, पत्र घेऊन ये.