परीक्षेपर्यंत बंद

परवा एका मैत्रिणीचा फोन आला होता. बोलता बोलता सहज विचारलं, "लेक पोहायला जाते ना अजून?" तर म्हणाली, "अगं नाही, परीक्षेपर्यंत बंद केलंय. गाण्याचा क्लासही. आता महिनाभर फक्त अभ्यास." मी "हो का, बरं" म्हणून विषय बदलला. बदलला, कारण मागच्या वर्षी मीही हेच केलं होतं आणि त्याबद्दल बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून आता इथे लिहितेय.

माझी लेक दहा वर्षांची आहे. संध्याकाळी तासभर खाली सायकल, पकडापकडी, जे सुचेल ते खेळते. त्याशिवाय बासरी शिकते, म्हणजे रोज अर्धा तास ते. मागच्या वर्षी परीक्षेच्या महिनाभर आधी मी दोन्ही बंद केलं. हिशेब सरळ होता. रोजचा दीड तास वाचला, महिन्याचे झाले 45 तास. एवढ्यात गणिताचं अख्खं पुस्तक दोनदा होईल!

झालं काय, तर ती दीड तास जास्त बसली. बसली एवढंच. पेन्सिलीला टोक काढलं, खोडरबर हरवला, सापडला, पाणी प्यायला उठली, पुन्हा उठली, एकच उदाहरण चार वेळा वाचलं. मी शेजारी बसून "लक्ष कुठाय तुझं?" त्या महिन्यात हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी ते माझं मलाच ऐकू येईना. या सगळ्यामुळे मार्क घसरले असं लिहायला मला आवडलं असतं, पोस्ट जास्त चटकदार झाली असती. पण नाही घसरले. होते तिथेच राहिले. 45 तास ओतून हाती शून्य, आणि घरात महिनाभर धुसफूस ती वेगळीच.

मी शिक्षिका नाही, डॉक्टर तर नाहीच. माझी नोकरी हिशेबतपासनिसाची. त्यामुळे आकडा दिसला की त्याखालची बारीक टीप वाचायची खोड आहे. तीच खोड घेऊन मी या विषयावर वाचायला बसले. जे सापडलं ते अर्धं माझ्या मनासारखं होतं आणि अर्धं नव्हतं.

आधी मनासारखं. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन या संशोधकांनी मुलांचा व्यायाम आणि मेंदू यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचा 2009 चा एक प्रयोग आहे, साधारण साडेनऊ वर्षांच्या 20 मुलांवरचा. एका दिवशी मुलांनी नुसतं बसायचं, एका दिवशी ट्रेडमिलवर 20 मिनिटं झपझप चालायचं, आणि दोन्ही दिवशी नंतर तीच चाचणी द्यायची. या प्रकारची चाचणी गमतीची असते. पडद्यावर ओळीने पाच बाण येतात आणि मधला कुठल्या बाजूला रोखलेला आहे, तेवढं बटण दाबून सांगायचं. आजूबाजूचे चार उलट्या दिशेला असले की डोळा फसतो. म्हणजे बाण ओळखता येतो का, हा प्रश्नच नाही. शेजारच्या चौघांकडे दुर्लक्ष करता येतं का, हा आहे. हे वाचून मी जरा थांबलेच. "लक्ष दे" म्हणताना मी लेकीला खरं तर दुर्लक्ष करायला सांगत होते, खोडरबराकडे, खिडकीकडे, माझ्याकडेसुद्धा. आणि ते कसं करायचं हे काही मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

तर चालून आल्यावर मुलं या चाचणीत कमी चुकली, आणि वाचलेलं समजलं का ते पाहणारी परीक्षाही त्यांनी जास्त चांगली दिली. वीस मिनिटांच्या चालण्यावर.

20 मुलं म्हणजे फार नव्हेत, हे मलाही कळतं. पण 2014 मध्ये हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7 ते 9 वर्षांची 221 मुलं घेतली. निम्म्यांना शाळा सुटल्यावर नऊ महिने भरपूर खेळायला लावलं, बाकीच्यांना वेटिंग लिस्टवर ठेवलं. खेळणाऱ्यांचं स्वतःला आवरणं सुधारलं, एका कामातून दुसऱ्यात शिरणं सुधारलं. जी मुलं जास्त दिवस हजर होती त्यांचं जास्त. (बारीक टीप: वेटिंग लिस्टवरच्या मुलांना तेव्हा दुसरं काहीच ठरवून दिलेलं नव्हतं. त्यामुळे यात धावण्याचा वाटा किती आणि रोज चार मित्रांबरोबर, मोठ्यांच्या नजरेखाली वेळ घालवण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.)

मला सगळ्यात पटला तो 2011 चा कॅथरिन डेव्हिस यांचा अभ्यास. 7 ते 11 वर्षांची, वजन जास्त असलेली आणि फारसं न हलणारी 171 मुलं. काहींना रोज 20 मिनिटं व्यायाम, काहींना 40, काहींना काहीच नाही. साधारण तीन महिने. आखणी करून काम करण्याच्या चाचणीत व्यायामवाली मुलं पुढे गेली, 40 मिनिटंवाली जास्त. गणिताचे गुणही वाढले, आणि त्या तीन महिन्यांत या कार्यक्रमात त्यांना गणित कुणी शिकवलंच नव्हतं! मात्रा वाढवली की परिणाम वाढतो, असं दिसलं की माझ्यासारखीचा विश्वास बसतो.

असं का होतं? दम लागला की हृदय जोरात चालतं, आणि मेंदूत जागं ठेवणारी, लक्ष टिकवायला मदत करणारी रसायनं वाढतात, एवढं मला झेपलं. मेंदूच्या पेशींना खतासारखं काम करणारं बीडीएनएफ नावाचं एक प्रथिनही व्यायामाने वाढतं म्हणतात, पण त्यातलं पुष्कळ काम प्राण्यांवरचं आहे, म्हणून मी त्यावर फार भर देणार नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये शाळेतल्या मधल्या सुट्टीवर एक निवेदन काढलं होतं. त्यात स्पष्ट म्हटलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासाच्या कारणासाठी मुलांची ही सुट्टी काढून घेऊ नये. मी नेमकं तेच केलं होतं, घरात. आणि जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं चांगली हालचाल सांगते. त्यात "परीक्षेचा महिना वगळून" असं कुठे लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून पाहिलं.

(खेळाचं कोचिंग लावलं की झालं, असं मात्र नाही. तासभराच्या कोचिंगमध्ये चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून आपली पाळी कधी येते ते बघणारी मुलं मी पाहिलीत. दम लागायला हवा. खाली फुकटात पकडापकडी खेळणारी पोरं त्यांच्यापेक्षा जास्त धावतात.)

आता संगीत. इथे मला आकड्यांनी दगा दिला.

माझी अपेक्षा होती की बासरीसाठीही असेच ठणठणीत पुरावे मिळतील आणि मी ते मैत्रिणीच्या तोंडावर फेकीन. सुरुवातीलाच भेटला तो पाश्चात्य संगीतकार मोझार्टच्या संगीताचा प्रसिद्ध किस्सा. 1993 मध्ये एक छोटा अभ्यास छापून आला: 36 कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकला, आणि आकार-जागेच्या कोड्यांत ते थोडे सरस ठरले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. बस्स. त्यात लहान मूल एकही नव्हतं, आणि कुणी काही शिकतही नव्हतं, नुसतं ऐकत होतं. तरी "मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल" अशी हवा झाली आणि 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला. बारीक टीप न वाचण्याची किंमत ही अशी.

शिकण्याबद्दलचा खरा प्रयोग 2004 चा, ग्लेन शेलेनबर्ग यांचा, टोरोंटोमधला. सहा वर्षांची 144 मुलं, चार गट: कीबोर्ड, गाणं, नाटक आणि काहीच नाही. 36 आठवडे. वर्षअखेर सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला, कारण शाळेत जाऊ लागल्यानेसुद्धा तो वाढतो. पण संगीतवाल्यांचा साधारण 7 ने वाढला आणि बाकीच्यांचा सव्वाचार-साडेचारने. फरक खरा, पण लहान. (नाटकवाली मुलं चारचौघांत वागायला मात्र जास्त शिकली. ही गोष्ट कुणी जाहिरातीत वापरत नाही.) मग 2020 मध्ये साला आणि गोबे या दोघांनी 54 अभ्यास, जवळपास 7000 मुलं एकत्र मांडली आणि म्हणाले, अभ्यास जितका काटेकोर तितका हा फायदा शून्याकडे जातो. त्यावरही वाद झाला. दुसऱ्या संशोधकांनी पुढे तेच आकडे पुन्हा तपासून छोटा फायदा दिसतो असं दाखवलं. माझं वाचून झालेलं मत असं की बासरीने गणिताचे मार्क वाढतील म्हणून कुणी मुलीला बासरी लावत असेल, तर न लावलेलीच बरी.

पण एक गोष्ट मला चिकटून राहिली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस यांनी लॉस एंजेलिसमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांना मोफत संगीत शिकवणाऱ्या एका उपक्रमाबरोबर काम केलं. मुलं 6 ते 9 वर्षांची. बोलण्यातले एकमेकांसारखे आवाज मेंदू किती स्वच्छ वेगळे करतो, हे त्यांनी मोजलं. वाचायला शिकण्याशी त्याचा जवळचा संबंध असतो. एक वर्ष शिकल्यावर काय फरक पडला? काहीच नाही. दोन वर्षांनी पडला.

दोन वर्षं. हे वाचल्यावर माझं मागच्या वर्षीचं "परीक्षेपर्यंत बंद" मला नव्याने दिसलं. खेळ बंद केला की त्याच संध्याकाळी नुकसान, कारण त्याचा फायदा त्याच संध्याकाळचा असतो. बासरी बंद केली की आज काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ती बंद करणं इतकं सोपं वाटतं. दर परीक्षेला महिना, मग सुट्टीत महिना, मग "आता हात बसलेला नाही, कंटाळा येतो" म्हणून आणखी थोडं. अशा हप्त्यांनी ती दोन वर्षं भरतच नाहीत. आणि मग आपणच म्हणतो, एवढा क्लास लावला, काही फरक पडला नाही बाई.

मार्कांचं सोडून माझ्या डोळ्यांना जे दिसतं ते सांगते, त्याला पुरावा म्हणू नका. गणित चुकलं तर लेकीला ते वही तपासून येईपर्यंत कळत नाही. बासरीवर चुकलं तर त्याच क्षणी कळतं, तिला आणि आख्ख्या मजल्याला. कुणी लाल पेन चालवावं लागत नाही. मी "लक्ष दे" म्हणावं लागत नाही. अर्धा तास माझ्याविना लक्ष लावून बसलेली ती मी फक्त तिथेच पाहिली आहे.

यंदाची परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. वेळापत्रक तिनेच केलंय: आल्यावर खाली तासभर, मग अभ्यास, मग बासरी, मग उरलेला अभ्यास. बासरी मध्येच का, विचारलं तर म्हणाली, "आई, तोपर्यंत गणिताने डोकं पकतं." मी मान डोलावली. मार्कांचं काय होईल ते होईल. मैत्रिणीलाही आज फोन करणार आहे, पण तिला भाषण देण्याची हिंमत होईल असं वाटत नाही. ही पोस्ट पाठवीन फार तर.

आत्ता हे लिहितानाही शेजारच्या खोलीत सराव चाललाय. तिसऱ्या ओळीत ती लय पळवते, अडखळते, स्वतःशीच "च्च" करते आणि पुन्हा पहिल्यापासून घेते. ही पाचवी वेळ.